खालच्या कप्प्याला हात लावू नये

आमच्या कॉलेजची लिफ्ट वर्षातून दोनदा चालते. एकदा मोठे पाहुणे येणार असतात म्हणून चालवून पाहतात, आणि एकदा ते पाहुणे आल्यावर त्यांना घेऊन मध्येच अडकते. बाकी दिवस जिना. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि माझे गुडघे पहिल्यावरच ‘बस झालं बावणे’ म्हणतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी रोज कठड्याला टेकून उभा राहतो आणि रोज तिथे रामटेके मॅडम आठवतात. आठवतात कसल्या, रागच येतो त्यांचा. एवढ्या वर्षांत त्या वळणावर बाई फक्त एकदा थांबली. बाकी सदा पुढे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात धुतलेल्या एप्रनांची पिशवी, आणि वरच्या पायरीवरून आवाज, “काहून बावणेभाऊ, डोंगर चढून राहिले का?”

मी तिथला लॅब टेक्निशियन. पेशी वाढवायच्या, त्यांचं पाणी बदलायचं, भांडी निर्जंतुक करायची, पोरांनी बिघडवलेलं निस्तरायचं, हे माझं काम. मॅडम आमच्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक. मूळच्या सावनेरकडच्या, वडील कोळसा खाणीत. प्रतापनगरला धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. लग्न केलं नाही. का नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बुटकी, काळीसावळी बाई, केस घट्ट बांधलेले, चष्म्याची एक काडी कायम चिकटपट्टीने डागडुजी केलेली. डबा उभ्यानेच खायच्या. ज्वारीची भाकर, वर पिठलं, आणि डोळे मायक्रोस्कोपकडे. शनिवारी सकाळी मात्र गेटसमोरच्या ठेल्यावर तर्री पोहे खायला मला घेऊन जायच्या. शुगर होती त्यांना, वीसेक वर्षांची. म्हणून पोहे चार चमचे आणि तर्री दोनदा मागून. मी काही बोललो की म्हणायच्या, “तर्रीत कुठं साखर असते गा भाऊ? तर्रीत फक्त पश्चात्ताप असते.”

दोन गोष्टी मला फार उशिरा लक्षात आल्या. एक म्हणजे त्या एरवी आपली सरळ नागपुरी बोलायच्या, पण रागावल्या की एकदम पुस्तकी मराठीत शिरायच्या. “आपण हे असं का केलंत?” असं ऐकू आलं की पोरांची तंतरायची. दुसरी गोष्ट घडीची. बाईंना कुठलीही वस्तू घडी घातल्याशिवाय ठेवता यायची नाही. एप्रन, कागद, वर्तमानपत्र, बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा. नेहमी तीन पदरी, कडेला कड जुळवून, मग अंगठ्याने एकदा दाबून. माझी घडी म्हणजे चौपट आणि तीही वाकडी. माझ्या घड्या पाहून त्यांना शारीरिक त्रास व्हायचा. उघडून पुन्हा घालायच्या, तोंडातल्या तोंडात पुटपुटत.

शिकवायच्याही घडीवरच. पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर एप्रन उंच धरायच्या आणि सुरू.

“आमच्या चौकात एक प्रेसवाला आहे. तो म्हणजे इन्सुलिन बनवणारी पेशी, असं समजा. इन्सुलिन नुसता धागा नाही, त्याची घडी बरोबर बसली पाह्यजे, तरच ते कामाचं. आता रक्तात साखर वाढली, म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. पेशी घड्या घालून राहिली, घालून राहिली. मग एक चुकते, मग दहा चुकते. चुकलेल्या घड्यांचा टेबलावर ढीग लागते. आता प्रेसवाला काय करीन?”

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, “रात्रभर काम करीन, मॅडम.”

“ते तू करशीन. शहाणा प्रेसवाला आधी पाटी लावते, आज नवीन कपडे घेणे बंद. मग साळ्याले मदतीले बोलावते. आणि ज्या घड्या सुधरतच नाही, त्या बाहेर काढून टाकते. पेशी हे तिन्ही करते. कोणी शिकवलं तिले?”

मग पोरगी विचारायची, दरवर्षी कोणीतरी विचारायचीच, “आणि तरी ढीग कमी नाही झाला तर?”

इथे मॅडम एप्रनची घडी सावकाश पूर्ण करायच्या. “मग ते दुकान कायमचं बंद करते. पेशी स्वतःले संपवते. अशा लाखो पेशी संपल्या की माणसाले शुगर होते. पण पाहा, पाटी लावल्याचा दिवस आणि दुकान संपल्याचा दिवस, याच्या मधात काही दिवस असते. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखंच, शटर खाली. पण एकात प्रेसवाला आत झोपून असते. त्याले झोपू दिलं तर तो उठते का, हे मले पाहाचं आहे.”

बस. एवढंच त्यांचं आयुष्यभराचं काम. उंदराच्या पेशी घ्यायच्या, घडी बिघडवणारं औषध थोडं थोडं देऊन त्यांना दमवायचं, इतकं की इन्सुलिन शून्यावर यावं. मग औषध बंद, साखरही कमी, आणि नुसतं ठेवून द्यायचं. उठतात का पाहायचं. कुठे खूप मोठं संशोधन वगैरे नाही, बाहेर देशात यापेक्षा मोठ्या लोकांनी यापेक्षा मोठ्या मशीनांवर बरंच केलेलं आहे, हे त्या स्वतःच सांगायच्या. “पण मले माझ्या डोळ्यानं पाहाचं आहे न.”

एकदा बाहेरून एक तज्ज्ञ तपासणीला आले होते. रीडिंगचा कागद पाहून म्हणाले, “शून्य. दीज आर डेड, मॅडम. फुकट सामान वाया घालवताय.” मॅडम हसल्या. म्हणाल्या, “सर, रजेवर गेलेल्या माणसाची हजेरीही शून्यच असते. म्हणून काय त्याची तेरवी करता?” मग त्यांच्यासमोर पेशींवर निळा रंग टाकून दाखवला. मेलेली पेशी तो रंग आत घेते, निळी होते. जिवंत पेशी घेत नाही. तज्ज्ञांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, निळं फारसं काही नव्हतं. चहा न घेता गेले. त्या दिवशी मॅडमनी मला संत्रा बर्फीचा अख्खा तुकडा दिला आणि कोपरा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला, मी पाहत नाही असं समजून.

आता शुगरचं. धरमपेठेत त्यांचाच एक जुना विद्यार्थी डॉक्टर आहे. त्याच्याकडे मी त्यांना स्कूटरवर बसवून न्यायचो, कारण एकट्या गेल्या तर जायच्याच नाहीत. त्यांना सहा महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. त्याने रिपोर्ट पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

“मॅडम, गोळ्यांनी भागत नाही आता. तुमच्या पेशी दमल्या आहेत आणि आपण त्यांनाच अजून ढोसतोय. बाहेरून इन्सुलिन घ्या, महिनाभर रजा टाका. तुम्हीच शिकवलं ना आम्हाला? पाटी लावू द्या त्यांना.”

“माझाच धडा मले म्हणून दाखवून राहिला का गा?”

“हो.”

“नऊ आठवड्यांचा प्रयोग लावला आहे. सुई सुरू केली की वेळेवर जेवा, वेळेवर झोपा. मधातच हात थरथरले तर पेशी कोण पाहीन? नऊ आठवडे होऊ दे. मग सुई घेईन, रजा घेईन, तू म्हणशीन ते घेईन.”

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिला. माझं कोण ऐकतं? परत येताना मागे बसून त्या म्हणाल्या, “नऊ आठवडे म्हणजे काय हो भाऊ, चुटकीसरशी जातीन.” त्यांच्या पायाला बारीक सूज होती, चपलेचा पट्टा रुतलेला मला सिग्नलवर दिसला.

आठ आठवडे बरोबर गेले. पेशी दमवून झाल्या होत्या, इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशी ऊबेत ठेवायच्या कपाटाच्या, खालच्या कप्प्यात आरामाला ठेवल्या होत्या. मे महिना. बाहेर अशी आग की इन्क्युबेटरच्या आत पेशी आमच्यापेक्षा गारव्यात होत्या. मॅडमचे मामा सावनेरला वारले म्हणून त्या शुक्रवारी दुपारी गेल्या. जाताना म्हणाल्या, खालच्या कप्प्याचं तसंच राहू द्या. मी हो म्हटलं.

शनिवारी इन्सुलिनचं रीडिंग आलं. शून्य. वरच्या कप्प्यात पोरांच्या प्लेटा मावत नव्हत्या. मी खालच्या प्लेटा काढून उजेडात धरल्या. पेशी ज्या पाण्यात वाढतात ते गुलाबी असतं. पेशी खातात-पितात तसं ते पिवळं पडत जातं. बावीस वर्षं मी तो रंग पाहतोय, पाणी चार दिवस गुलाबीच राहिलं की समजायचं, आत कोणी जिवंत नाही. हे तसंच गुलाबी होतं. रीडिंग शून्य, रंग गुलाबी. मला वाटलं, गेल्या बिचाऱ्या. मॅडम दुःखातून परत येतील, त्यांना हे काम तरी नको. मी त्यात ब्लीच ओतलं, प्लेटा टाकल्या, कप्पा पुसून चकचकीत केला. स्वतःवर खूशही होतो.

सोमवारी त्यांनी इन्क्युबेटर उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या. दार जास्त वेळ उघडं राहिलं म्हणून मशीन ओरडायला लागलं, तरी उभ्या. मी म्हटलं, “मॅडम, त्या मेल्या होत्या.”

“निळं करून पाहिलं होतं का?”

आता पुस्तकी मराठी येणार म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. ती आली असती तर बरं झालं असतं.

“गुलाबी दिसलं म्हणून टाकलं न?”

“हो.”

“झोपलेलं माणूस जेवत नाही हो भाऊ. ताट तसंच राहते.” मग दार लावून म्हणाल्या, “नायट्रोजनमधून गोठवलेल्या पेशींची नवीन नळी काढा. पुन्हा लावू.”

पुन्हा म्हणजे पुन्हा नऊ आठवडे. मी जिन्यात जाऊन रडलो. पन्नाशीचा माणूस, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, रुमाल तोंडात कोंबून. रडलो ते प्रयोगासाठी नाही. डॉक्टरला दिलेला शब्द माझ्यासमोर दिला होता ना त्यांनी. माझ्या एका पुसलेल्या कप्प्याने त्यांचा आराम नऊ आठवडे पुढे ढकलला होता.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यावर पुठ्ठा चिकटला. त्यांच्या ठसठशीत अक्षरात: ‘आराम चालू आहे. हात लावू नये.’ माझ्याबद्दल कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. विभागप्रमुखांना सांगितलं, प्लेटांना बुरशी लागली होती.

त्या नऊ आठवड्यांत मी त्यांच्या मागे सावलीसारखा होतो. सुई तरी सुरू करा मॅडम. “होऊ द्या न.” दोन दिवस तरी सुट्टी घ्या. “होऊ द्या न.” दिवसभर पाणी प्यायच्या, बाटलीवर बाटली. चष्म्याचा नंबर बदलला वाटते म्हणायच्या. नंबर नव्हता बदलला, साखर होती ती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. शहाण्या बाईने असा वेडेपणा करावा याचा मला इतका संताप यायचा की एकदा मी डबा आपटला. तर डब्याखालच्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, “बावणेभाऊ, तुमचं बीपी पाहा एकदा.”

पेशी दमवून झाल्या आणि आरामाला ठेवल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबल्या. मी मागून येत होतो. मला वाटलं काही पडलं. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, पिशवी ठेवली आणि बसून राहिल्या.

“पाय जड झाले हो, भाऊ.”

मी इतक्या वर्षांत त्यांच्यावर कधी ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. “उठा आणि घरी चला! लावा पाटी आता. आजच्या आज सुई घ्या. उंदराच्या पेशींना आराम, आणि तुमच्या काय रस्त्यावर पडल्या आहेत?”

पोरं जिन्यात थबकली. मॅडम वर पाहत राहिल्या, चष्म्याआडून, लहान पोरीसारख्या.

“आणि खालचा कप्पा?”

“मी बोटसुद्धा लावणार नाही. माझ्या लेकीची शपथ.”

“शपथ नोको. दिवस भरले की फक्त निळं करजा.”

मी त्यांना स्कूटरवर घातलं, आधी धरमपेठ, मग प्रतापनगर. डॉक्टरने स्वतः पहिली सुई टोचली. त्या इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, “एवढीशीच असते का? उगाच घाबरून राहिली होती मी.”

मग रोज अकराच्या सुमाराला फोन. “रंग?”

“गुलाबी.”

“राहू द्या.” फोन बंद.

आठव्या दिवशी फोन आला नाही. मीच केला तर बहिणीने उचलला, झोपली आहे म्हणाली. मी इन्क्युबेटर उघडला, पुठ्ठ्याला हात न लावता वाकून पाहिलं. एका प्लेटमधलं पाणी गुलाबी नव्हतं. पिवळंही नव्हतं, मधलंच काहीतरी, संत्र्यावर गेलेलं. दिवस भरलेच होते. निळं केलं. मेलेल्या होत्या काही, पण थोड्याच. मग रीडिंग लावलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कागद हातात आला. इन्सुलिन आलं होतं. पूर्वीइतकं नाही, पण आलं होतं. एका प्लेटमध्ये नाही, सगळ्यांत. झोपू दिलं तर उठतात.

फोनवर सांगावंसं वाटलं नाही. त्यांचं तोंड पाहायचं होतं मला. कागदाची घाईघाईने चौपट घडी केली, शर्टाच्या खिशात कोंबली आणि पावसाने दडी मारलेली, त्या भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून प्रतापनगर गाठलं.

शीलाताईंनी, म्हणजे त्यांच्या बहिणीने, दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. समोरच्याच खोलीत मॅडम पलंगावर झोपल्या होत्या. कूलर चालू होता. पायांखाली उशी, सूज उतरलेली. चष्मा स्टुलावर. चष्म्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली.

“सुई घेतली, दोन भाकरी खाल्ल्या आणि जे झोपली ते झोपलीच,” शीलाताई हळूच म्हणाल्या. “जन्मात दुपारी झोपली नाही ही. मी तं मघाशी नाकाशी बोट धरून पाहून आली. उठवू का?”

माझा हात खिशाकडे गेला, मग त्यांच्या खांद्याकडे गेला. अगदी टेकणारच होता. तेवढ्यात तो पुठ्ठा आठवला. लेकीची शपथ आठवली. एकदा झोपलेल्यांना हात लावून काय केलं होतं मी, तेही आठवलं.

“नको. झोपू द्या,” मी म्हटलं. कागद चष्म्याखाली सरकवला, पेलाभर पाणी प्यालो आणि निघालो. दारातून एकदा वळून पाहिलं. कूलरच्या वाऱ्याने त्यांच्या पदराचं टोक हलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शीलाताईंचा फोन आला. पहाटे झोपेतच. हृदय. डॉक्टर म्हणाला, शुगरवाल्यांना असा झटका येतो, कळ येत नाही, हाकसुद्धा मारत नाहीत. नऊ आठवडे आधी सुई घेतली असती तर? हे त्याने म्हटलं नाही. मीच मला म्हणत होतो, जिना चढताना, उतरताना, जेवताना. आणि त्याच्या जोडीला दुसरं, त्याहून वाईट. हात लावायचा नव्हता तेव्हा लावला, आणि एकदा लावायला हवा होता तेव्हा आवरला. तीस वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली, ते उशाशी ठेवून बाई गेली आणि मी शहाण्यासारखा पाणी पिऊन घरी आलो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलो. पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या, भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं. पोरं खूप आली होती, मागच्या बाकावरचीही. सगळं आटोपल्यावर शीलाताई आतून चष्मा आणि तो कागद घेऊन आल्या.

“हे तुमच्या लॅबचं काही आहे का पाहा, भाऊ. चष्म्याखाली होतं. त्या दिवशी संध्याकाळी उठली होती थोडा वेळ. मी सैपाकघरात होती. आतून हाक मारली, पाणी मागतलं. मी पेला घेऊन आली तं चष्मा काढून ठेवून पुन्हा आडवी. मी म्हटलं, किती झोपशीन वं बाई? तं म्हणते, झोपू दे मले, काही काम नाही आता.”

मी कागद हातात घेतला. मी चौपट घडी केली होती, घाईत, वाकडी. माझी घडी मला ओळखू येते. हा कागद तीन पदरी होता. कडेला कड जुळलेली, आणि मधोमध अंगठ्याने दाबल्याची खूण.

“महत्त्वाचं होतं का काही?” शीलाताईंनी विचारलं.

“होतं,” मी म्हटलं. “मॅडमनी पाहिलं.”